भाता

फत्तेगंजच्या चर्चमध्ये साडेसातची उपासना आमची, मराठी.
नऊला गुजराती मंडळी येते, व्हरांडा चपलांनी भरतो.
तोवर आम्ही एकवीस जण
दीडशेंच्या बाकांवर पांगून बसतो,
जागा पुष्कळ आहे म्हणून
दोरीवर लांब लांब वाळत घातलेल्या कपड्यांसारखे.

मार्चमध्ये अमोलिक मास्तरांना झटका आला.
उजवा हात गेला.
सयाजी हॉस्पिटलात सतरा दिवस.
डब्यांची यादी मी केली, कारण यादी मीच करते:
सोमवार उबाळे, मंगळवार एस्तेरबाई,
बुधवार रणभिसेंची सून (मीठ बेतानं, दोनदा सांगितलं).
गुरुवारी गुजराती मंडळीतली हंसाबेन, न सांगताच,
खिचडी-कढी घेऊन, कढीत साखर.
रात्री पाळकसाहेब खुर्चीत झोपायचे.
यादीत माझं नाव नव्हतं.
कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

अकरा वर्षांपूर्वी वार्षिक सभेत
मास्तर उभे राहिले आणि म्हणाले,
कब्रस्तानाच्या भिंतीच्या हिशेबात तेवीसशे रुपये कमी आहेत.
खजिनदार माझे यजमान.
ते घरी आले, सदरा काढला, त्याची घडी घातली
आणि वह्यांना पुन्हा हात लावला नाही.
दोन वर्षांनी त्याच भिंतीच्या आत त्यांना ठेवलं.
त्या दिवशीही पेटी मास्तरांनीच वाजवली.
चांगली वाजवली. तेच मला सोसलं नाही.
सिमेंटची पावती कधी सापडली नाही.
शोधली नाही, असंच म्हणा.

प्रभुभोजनाला ते डाव्या रांगेत, मी उजव्या.
भाकर एकाच ताटातली.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी मास्तर परत आले.
दीनाबाईंनी धरून पेटीपाशी बसवलं.
गीताचा क्रमांक सांगून झाला,
मास्तरांनी डावा हात पट्ट्यांवर ठेवला,
आणि सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं:
भाता कोण मारणार?

तो हात पट्ट्या सोडून भात्याकडे गेला,
दोनदा ओढून परत आला.
सूर उमटला, विझला.
पुन्हा गेला. पुन्हा आला.
एकट्यानं पलंग उचलू पाहावा,
कधी हे टोक, कधी ते.

आत्म्यानं मला उठवलं, असं साक्षीत सांगायला बरं.
खरं म्हणजे ते तुटके सूर ऐकवेनात,
आणि मी पहिल्या बाकावर होते.
पेटीच्या पलीकडे, त्यांच्या समोर, सतरंजीवर बसले.
अकरा वर्षांत हा चेहरा इतक्या जवळून पाहिला नव्हता.
दाढी दीनाबाईंनी केलेली, दोन ठिकाणी सुटलेली.
त्यांचे ओठ हलले.
राहू द्या म्हणाले असतील. किंवा माझं नाव.

भात्याला कुठेतरी बारीक भोक आहे,
अर्धा वारा वाटेतच जातो.
हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं,
इतकी वर्षं दुप्पट मारत आले असणार.

डाव्या हाताला पट्टी सापडेपर्यंत
मंडळी एकच अक्षर धरून उभी राहायची,
सापडली की पुढचं.
चार कडव्यांना पाव तास.
नऊ वाजून गेले, दारात चपला साचल्या,
हंसाबेन बाहेरूनच गुणगुणू लागली,
शब्द तिचे वेगळे, चाल तीच.

नंतर गाडीवर सेव-उसळ खाताना
एस्तेरबाईंनी विचारलं, केली का शेवटी क्षमा?
मी म्हटलं, वारा दिला.
त्या म्हणाल्या, पाव घे अजून एक.

दंड बुधवारपर्यंत दुखला.
गुरुवारी मी दुसरी पेटी उघडली, लोखंडी, यजमानांची.
ठिगळाला चामडं हवं होतं,
त्यांचं जुनं पाकीट तळाशी असेल असं वाटलं.
वर वह्या होत्या.
त्या आधी बाहेर काढाव्या लागल्या.