बोटे शाबूत

बोर्डाने माझा उजवा हात उताणा केला, पालथा केला,
मोजला. पाच.
खाली लिहिलं : बोटे शाबूत. कमाई-क्षमतेची हानी निरंक.

निरंक म्हणजे काय, रेवताला विचारलं.
ती म्हणाली, पाटी पुसल्यावर उरते ते.

हिंगण्याच्या प्रेसमधून हात सुटला तेव्हा
बाहेरून तो शाबूतच होता, हे खरं.
आतली तार तेवढी तुटलेली.
तेव्हापासून ही बोटं माझ्याकडे भाड्यानं राहतात,
हाक मारली तर ओ देत नाहीत.
नट धरता येत नाही, शर्टाची गुंडी नाही,
लेकीच्या कपाळाचा ताप कळत नाही.

विमा कोर्टात हरलो. आता हायकोर्ट.
सिव्हिल लाइन्सच्या दगडी घुमटाखाली
मे महिन्यातही गार असतं.
टेंभुर्णे मॅडम म्हणतात,
‘शालिकभाऊ, इथं दुखणं चालत नाही.
इथं फक्त कायद्याचा प्रश्न,
तोही महत्त्वाचा असेल तर.’

गेटबाहेर कडुनिंबाखाली टायपिस्ट
माझं अपील बडवतो, दहाही बोटांनी.
कुणाच्या हाताकडे असं टक लावून पाहू नये.
मी पाहतो.

चहा आला, उकळता, काचेच्या ग्लासात.
मॅडमनी रुमालात धरला,
टायपिस्टानं काठाला, दोन नखांत.
मी मुठीत धरला आणि बोलत राहिलो.
मॅडम थबकल्या. ‘भाऊ, खाली ठेवा तो.’
ठेवला. तळवा लालभडक.
मलाही तो पाहूनच कळला.
त्यांनी वहीत काही लिहिलं, मग खोडलं :
हा पुरावा आहे, प्रश्न नाही.

मग मीच विचारलं,
जे आहे, पण माझं नाही,
ते शाबूत कसं?

टाइपची खटखट थांबली.
मॅडम म्हणाल्या, ‘हे घ्या. भाषा मी बसवते.’

सोमवारी एकविसावा नंबर.
पुकारा झाला आणि मी उभा राहिलो,
कुणी सांगितलं नव्हतं.
दीड मिनिट.
साहेबांनी कागद पाहिला, हात नाही.

बाहेर येऊन डाव्या हातानं फोन लावला.
‘अॅडमिट झालं,’ म्हणालो.
रेवता घाबरली. ‘कोन? मेडिकलले का मेयोले?’
‘अपील वं.’

पलीकडे बराच वेळ नुसता कूलर.
मग ती म्हणाली,
‘मंग, डबा आणू का?’