बुधवारची फेरी

वाठार स्टेशनच्या वरच्या अंगाला
सहाला माझा टेम्पो थांबतो तेव्हा
हौसाबाई फडतरे ओट्यावर बसलेली असते.
पोतं शिवून झालेलं,
दाभण अजून अंबाड्यात खोचलेलं.

घेवडा. आमच्याकडचा, वाघ्या.
फिक्या दाण्यावर लाल रेघोट्या,
एकीसारखी दुसरी नाही.
शेणखतावरचा, राखेत जपलेल्या घरच्या बियाचा,
हे मी सांगतोय.
हौसाबाई एवढंच सांगते,
‘फवारा न्हाई मारला. आदी पैकं न्हवतं,
मग सवय लागली.’

पुढं दगडू मदने, अर्धं पोतं.
त्याच्यापुढं बर्ग्यांची सून,
तिचा हिशेब शाळेच्या वहीत,
मागच्या पानावर पोराची बाराखडी.
अशी अकरा घरं.
एकेकाचं पोतं पेठेत नेलं
तर कुणी मान वळवून बघणार नाही.
सगळी एकावर एक चढली
की टेम्पोचे पाटे कुरकुरतात.

साताऱ्यात पोवई नाक्याच्या मागं
शमीम मुलाणींची खानावळ, दीडशे ताटं.
पहिल्या वर्षी त्यांनी माझ्याकडं
एक पाकीट दिलं, हौसाबाईसाठी.
आत सतरा दाणे, भोक पडलेले.
चिठ्ठी नाही, काही नाही.
हौसाबाईनं ते तळहातावर घेतले,
मोजले, पुन्हा मोजले.
‘सतरा? म्हंजी बाईनं समदं पोतं निवडलं की.’
तेव्हापासून
निवडायला बसताना ती चष्मा लावते.

भाव दसऱ्याला ठरतो, वहीत लिहितात,
वर्षभर तोच.
मी आधी हसायचो.
भाव म्हणजे एस.टी.तलं पोरगं,
एका जागी बसलंय कधी?

मग परवाच्या साली
देवळापाशी जीप येऊन उभी राहिली.
किलोमागं बावीस रुपये जास्त, रोख.
दुपारपर्यंत चार घरांची पोती गेली.
त्यांना मी काय बोलणार?
दगडूच्या पोरीची फी भरायची होती,
आणि बावीस रुपये म्हणजे बावीस रुपये.

हौसाबाई ओट्यावरून जीपकडं बघत होती.
मी इंजिन बंद केलं.
कोंबडी पोत्यावर चढली, तिला तिनं हाकललं,
मग म्हणाली,
‘गेल्या साली भाव पडला तवा
त्या बाईनं वही बदलली व्हती का?’
नव्हती बदलली.
‘मग घाल टेम्पोत.’
मी तिसऱ्या पोत्याला हात लावला तशी म्हणाली,
‘त्ये ऱ्हाऊ दे. एक जीपवाल्याला देते.
म्या काय देव न्हाई.’

सात घरांचा माल घेऊन गेलो, चोरासारखा.
शमीमबाईंनी पोती मोजली.
कोण आलं नाही ते विचारलं नाही.
वही काढली, जुना आकडा खोडला नाही,
शेजारी नवा लिहिला, नऊ रुपयांनी जास्त.
‘याहून जास्त झेपणार नाही,’ म्हणाल्या,
‘ताटाला गिऱ्हाईक मोडतं.
आणि दगडूदादांना सांगा,
त्यांची ओळ रिकामी ठेवलीय.’

परतताना रिकाम्या पोत्यांच्या घडीत
स्टीलचा डबा होता.
जरंडा मागं पडला तरी
केबिनमध्ये लसणाचा वास.

हौसाबाईनं झाकण काढलं.
स्वतःच्याच रानातला घेवडा,
दुसरीच्या हातचा.
बोट बुडवून चाखला,
जरा वेळ तशीच बसून राहिली.
‘सांग तिला,’ म्हणाली,
‘मीठ कमी हाय.’

डबा घासून फळीवर पालथा घातलाय.
बुधवारी तो रिकामा कसा द्यायचा,
या विचारात आहे ती.