डावी-उजवी

डॉक्टर परुळेकर निकाल ऐकायला आले
तेव्हा वहाणा दाराबाहेर काढून आले.
कुणी सांगितलं नव्हतं. सड्यावरच्या ह्या विद्यापीठात
आमचीच एक खोली थंडगार, म्हणून असेल.
पण मला आठवले गावच्या देवळातले लोक,
हात जोडलेले, नजर पाषाणावर,
आणि ओल्या पंचातले बाबा
एकेक कळा पाण्यात बुडवून देवाच्या अंगाला चिकटवताना.

उजवा पडला तर होय.
डावा पडला तर थांबा.
गुरवाच्या मुलीने संख्याशास्त्र घेतलं
ह्याचं गावात कुणालाच नवल वाटलं नाही.

तीनशे अठरा बायका. वेंगुर्ल्याच्या बंदरावर मासे खारवणाऱ्या.
निम्म्यांच्या घरी साधं मीठ, निम्म्यांच्या घरी सोडियम कमी केलेलं.
पुड्या सारख्या, शिक्का सारखा.
कुणाला काय मिळालं ते आठ महिने
फक्त माझ्या कपाटातल्या लिफाफ्याला ठाऊक.
रक्तदाब उतरला, पाऱ्याच्या साडेतीन रेघांनी.
पी शून्य दशांश शून्य सात.
पाचच्या आत हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, साठीच्या पुढच्या काढून बघू या?
म्हणाले, खाडीपलीकडचं पाणीच मुळात मचूळ, त्या नकोत.
म्हणाले, नुसती सकाळची मापं घेतली तर?
वाईट माणूस नाही. ह्याच बायकांसाठी
दोन वर्षं दिल्लीला पत्रं लिहीत होते.
"पुन्हा लावून बघा," असंच म्हणायचे लोक देवळातही,
आणि बाबा कळ्यांचं तबक बाजूला सारायचे:
एका प्रश्नाक देवाक दोनदा उठवूचा नाय.

मी माऊस बाजूला सारला.

तेवीस ओळी मधेच थांबलेल्या.
माझ्या तक्त्यात त्यांना नव्व्याण्णव म्हणतात.
पावलीन डिसोजाच्या फॉर्मांवर मात्र, समासात, पेन्सिलीने:
दार बंद. लेकीच्या बाळंतपणाला कुडाळात.
मीठ जावेने नेलं.
घो ट्रॉलरवर, परवानगी तो आल्यावर.
वारली. दुसऱ्याच कारणाने, असं सून म्हणते.
२१७: तीनदा गेले. कुत्रा आहे.

रिकाम्या जागा भरायच्या रीती आहेत, मीच शिकवते त्या:
शेजारच्या ओळींवरून, वयावरून, वजनावरून
वीस तऱ्हांनी नसलेली बाई उभी करायची
आणि विसांचं मिळून एक उत्तर. खोटं नव्हे ते;
आपल्याला किती कळलेलं नाही, तेही त्यात मोजून लिहिलेलं असतं.
कुत्र्यासाठी रकाना नाही.

बाबांनी शेवटच्या आजारात सांगितलं,
एकदा, एकदाच, उजव्या कळ्याला पाणी कमी लावलं होतं.
बाईचा मुलगा वादळात अडकलेला. ती नुसती उभी होती,
काही विचारतही नव्हती.
उजवा पडला.
मुलगा आला का, मी विचारलं.
बाबा भिंतीकडे वळले. मला अजून वाटतं
प्रश्न चुकीचा विचारला मी.

निष्कर्षाचं वाक्य सहा वेळा खोडून लिहिलं:
उतार दिसतो. तो मिठाचा की योगायोगाचा,
हे इतक्या बायकांवरून ठामपणे सांगता येत नाही.
डॉक्टरांनी दोनदा वाचलं. बाहेर जाऊन
बराच वेळ वहाणा घालत राहिले.

संध्याकाळी पावलीनचा फोन, मागे लिलावाचा गलका.
दोनशे सतरा सापडली. पुड्या संपल्या म्हणते, आणखी कधी?
सांग, अभ्यास संपला.
फोन बहुधा तिच्याच कानाला होता:
"अभ्यास संपलो? मगे रांधप पण संपला काय गो?"

तक्ता कुलूपबंद. त्यात आता बोट घालता येत नाही.
बाजूच्या वहीत लिहिते:
२१७. हयात. मीठ मागते.