सात नंबरची वायर

सलमाबादेत ऑगस्टमध्ये दुकानाच्या काचेला
बाहेरून घाम फुटतो.
अबू राशिद आले, त्यांची पंच्याऐंशीची कॅप्रिस
दारात चालूच ठेवून.
मी बिलातून मान वर केली नाही.
इचलकरंजीला आमच्या माडीखाली सोळा माग होते,
कुठला लंगडतोय ते झोपेतही कळायचं.
म्हटलं, आठातलं एक सिलिंडर पेटत नाहीये.
"बिंती, ते माझी बायकोही सांगते."

रात्री अंगणातला दिवा घालवा, म्हटलं,
बॉनेट उघडा, पाण्याचा बारीक फवारा मारा
आणि हात पाठीमागे बांधून नुसतं बघा.

तिसऱ्या दिवशी आले ते पिशवी घेऊन.
"निळं," एवढंच म्हणाले,
आणि बोट हवेत वळवळवत नेलं
जसं काही सापाचं पिल्लू पाहिलंय.
पिशवीतून आठ वायरी काउंटरवर,
प्रत्येकीला कागदी टेप, टेपवर अरबी आकडा.
त्यांचा आठ म्हणजे छप्पर,
सात म्हणजे तेच छप्पर पालथं पडलेलं.

मी मीटर काढला.
फुटाला पाच हजार ओहम, थोडं मागेपुढे,
लांब वायरीला जास्त, आखूडला कमी,
सात जणी आपापल्या वयाला शोभेशा.
एक मात्र काहीच बोलेना.
सातवी. बुडापाशी भाजलेली,
सायलेन्सरच्या तापल्या पाइपाला किती वर्षं टेकली होती कोण जाणे.
वर कुणीतरी तिला पाचवीशी पट्टीनं बांधलेलं,
दिसायला नीटनेटकं.
पाच आणि सात शेजारी, आणि पेटतातही लागोपाठ;
त्यांना असं बिलगू द्यायचं नसतं,
एकीची ठिणगी दुसरीच्या घरात जाते.

"मग एकच दे."
एकटी मिळत नाही. सेट घ्यावा लागतो.

नातवानं फोनवर फोटो पाठवला होता,
लालभडक, साडेआठ मिलिमीटर, आत तांबं.
तीही होती माझ्याकडे, वरच्या फळीवर, धूळ न बसलेली,
पोरं रोज नेतात.
मी शिडी लावली, मग थांबले.
गाडीत रेडिओ आहे?
"आहे म्हणजे? बुदय्याला समुद्राकडे तोंड करून लावतो,
एसी चालू, मीडियम वेव्हवर पलीकडचं काय काय येतं.
कळत नाही सगळं. आवाज येतो, बस."
तांब्याची घेतलीत तर फोडणीच ऐकाल, मी म्हटलं,
मोहरी तडतडेल तशी, इंजिनाच्या तालावर.
फोडणी हा शब्द त्यांना कळला नाही.
मी तोंडानं आवाज करून दाखवला.
गोदामातून सजीवन बाहेर डोकावला
आणि परत आत गेला.

काळी घ्या. सात मिलिमीटर, कार्बनची, वर सिलिकॉन.
वीज जरा अडखळत जाते तिच्यातून,
तुम्हाला पत्ता लागणार नाही.
मागच्या चारांना टोपी वाकडी असलेली बघून घेतली,
सरळ टोपी तिथे पाइपाला लागते.
साडेचौदा दिनार. वरचे पाचशे फिल्स सोडले,
ते सोडायला मला मालकाला विचारावं लागत नाही
आता, अकरा वर्षांनी.

सजीवननं दारातच बसवल्या,
एक काढ, एक लाव, गल्लत नको म्हणून;
पाच आणि सातच्या मधून दोन बोटं फिरवून पाहिली.
किल्ली फिरली.
मी काउंटरच्या मागे डोळे मिटून मोजलं.
आठही.
मग त्यांनी रेडिओ लावला. दुपारच्या त्या उन्हात
काय ऐकू येणार? लांबवरची नुसती खरखर,
तिच्यात मधेच एक बाई बातम्या वाचत असावी.
मोहरी नव्हती.
हात वर करून गेले. जुन्या आठ वायरी इथेच ठेवून.

रात्री मुहर्रकच्या खोलीवर ओढणी धुवायला घेतली
तर काठाला कागदी टेपचा तुकडा चिकटलेला,
वर ते पालथं छप्पर.
काढला. बादलीच्या कडेला लावून ठेवला.