अंगठा

उइस ते खोरिखास, मुरमाचा रस्ता.
सोमवारी इकडून, गुरुवारी तिकडून
मी ग्रेडरचं पातं फिरवतो त्याच्यावर.
एरास्टस होएसेब. शाळा चौथीपर्यंत.
पुढचं सगळं मातीत वाचलं.

बापानं शिकवलं होतं:
हा तरस, लंगडतोय.
ही ओरिक्स, पोटुशी, घाईत नाही.
बाप गेला. ओरिक्सही डोंगरापल्याड सरकले.
आता मी टायर वाचतो.

ही पर्यटकांची, भाड्याची, चाकांत हवा जास्त.
हा पाववाला, मागचं उजवं गुळगुळीत.
हा पाद्री. मधोमध,
जणू समोरून कुणी यायचंच नाही.

आणि साठाव्या किलोमीटरला
काळ्या टेकडीचा वळसा संपला
की सगळ्यांचं अक्षर बिघडतं.

तिथून टॉवर दिसतो.
तासभर मुके असलेले फोन
एकदम बोलायला लागतात,
आणि सरळ आलेली रेघ
झोपेत कूस बदलावी तशी
कलते
वीस पावलं, तीस पावलं,
मग हिसका. मुरूम उधळलेला.
पुन्हा रेघ सरळ,
नुकतीच छडी खाल्लेल्या पोरासारखी.

मी हसायचो. कँपवर योहानेसला सांगायचो,
पाद्र्यालासुद्धा आज
वरून नाही, टॉवरवरून निरोप आला.

दोनदा नाही हसलो.
दोनदा हिसका सापडलाच नाही.
रेघ कलत कलत तशीच
कोरड्या नदीत उतरलेली,
ब्रेकची एक खूण नाही.
पोलिसांना दाखवलं. मग पातं फिरवलं.
रस्ता कोरा करायचा, त्याचाच पगार.

या गुरुवारी, ऊन अजून तिरपं होतं
(तिरप्या उन्हात माती काही लपवत नाही),
एक ओळखीचं अक्षर दिसलं.
पुढचं डावं चाक, कडेला चिरलेलं,
बदलू बदलू म्हणत राहिलेलं.
माझा पिकअप.

बुधवारी संध्याकाळी घरी निघालो होतो.
टेकडीला वळसा घातला आणि फोन वाजला.
मेंढीचे पैसे पोचले का, असं मेहुण्याला विचारलं होतं.
उत्तर म्हणून त्यानं एक अंगठा धाडला होता.
उभा, पिवळा.
तेवढंच बघितलं. तेवढंच.

मातीत ते पंचेचाळीस पावलं होतं.
मी उतरून मोजलं.
माझी रेघ उजवीकडे गेलेली,
आणि समोरून आलेल्या गाढवगाडीच्या चाकोऱ्या
एकाएकी रस्ता सोडून
काटेरी झुडपात.
तीन गाढवं, खूर खोल रुतलेले.
एक बाई खाली उतरली होती, चपला घालून.
एक मूल उतरलं नव्हतं, पडलं होतं:
दोन तळवे, एक गुडघा,
मग अनवाणी पावलं. उठलेली. चालती.

रक्त नाही.
गुडघ्यांवर बसून शोधलं. नाही.

बाई थोडं पुढे येऊन थांबली होती,
मी गेलो त्या दिशेला तोंड करून.
टाचा खोल. ओरडली असणार.

आणि मला तिथं कुणी भेटलंच नव्हतं.
बायकोला विचारा. दारातच म्हणालो होतो,
आज रस्ता अगदी रिकामा.

पोराच्या डाव्या पायाचा अंगठा
सगळ्यात स्वच्छ उमटला होता.
खिशातल्या त्या अंगठ्याहून
जरासाच मोठा.

मी पातं उचललं.
तेवढा तुकडा तसाच ओलांडला
आणि पलीकडे पुन्हा टेकवलं.

मागून वॉकीटॉकीवर योहानेस:
म्हाताऱ्या, मधेच राहिलं की रे.
डुलकी लागली काय?

नाही, म्हटलं. तिथं लिहिलंय.
काय लिहिलंय?

समुद्राकडचा वारा दुपारी सुटतो.
ये, म्हटलं.
त्याच्या आत ये.