शेरा

कोजागिरी झाली की मी बाज सांदवाडीत काढते.
उशाशी पाण्याचा गडवा,
मांडीवर अंगणवाडीचं रजिस्टर.
रिटायर होताना सुपरवायझर बाईंनी सगळं मोजून घेतलं,
सतरंज्या, वजनकाटा, अठरा ताटल्या.
हे एक कोरं रजिस्टर त्यांच्या नजरेतून सुटलं.
मीही आठवण दिली नाही.

रकाने छापलेलेच आहेत :
लाभार्थ्याचं नाव. वय. वजन. शेरा.
नावाच्या जागी मी दिशा लिहिते,
वयाच्या जागी वेळ.
वजनाचा रकाना कोरा.

आधी नुसतं आभाळ दिसतं, घासून उपडं घातलेलं पातेलं.
मग त्याला चिकटलेला एक ठिपका.
ठिपका सरकला तर लिहायचं,
नाही सरकला
तर डोळ्यातलं कुसळ.

घार मी धरत नाही. घार गावचीच,
रफिकच्या कोंबडीच्या दुकानावर तिची उधारी चालते.
कापशीही नाही. ती विजेच्या तारेवर बसून
बारा महिने शेपटी हलवते.
मोजायचे ते फक्त वाटसरू.

शेजारचा प्रज्योत मोबाइल ताणून ताणून पाहतो.
"मावशी, पंख वर धरून तरंगते ना, तो भोवत्या.
अन् हे घोळक्यानं चालले, ते ससाणे.
लय दुरून येतेत."
कुठून रे?
त्यानं बोट उत्तरेकडे केलं, मग जरा उजवीकडे,
मग म्हणाला, "उद्या मॅडमले इचारतो."
मी शेऱ्यात लिहिलं : मॅडमला विचारणे.

कुंपणापलीकडे ई-क्लासचं गवत, त्यापुढे सोंगलेलं सोयाबीन.
दिवस कलला, थ्रेशर थांबलं
की भोवत्ये धुऱ्याधुऱ्यानं येतात,
गवताला पोट लागेल इतके खाली.
नर राखाडी. मादी भुईच्याच रंगाची,
वळली की पाठीवरचा पांढरा पट्टा चमकतो
तेवढ्यात मोजून घ्यायची.
परवा अकरा उतरले.
काल नऊ.
त्या दोघांचं काय झालं हे विचारायला
घरभेट देता येत नाही.

सत्तावीस वर्षं मी मोजतच आले.
दंडाला पट्टी लावायची, हिरवा, पिवळा, लाल.
लाल निघाला की तालुक्याहून फोन,
फोननंतर जीप, जीपनंतर मीटिंग.
एका मार्चमध्ये मी कौतिकाच्या पोरीला
अर्धा किलो जास्त लिहिला.
कागदावर ती एका रात्रीत बरी झाली.

जगली ती. दारव्ह्याला नर्सिंग करते,
दिवाळीला आली की पाया पडते,
आणि मी तिच्या दंडाकडे पाहते.

शनिवारी काहीच आलं नाही.
सकाळ गेली, दुपार गेली,
तुरीवर नुसती पिवळी फुलपाखरं.
प्रज्योत म्हणाला, "मावशी, दोन-चार मांडून टाक न,
कोण पाहते?"
मी शून्य काढलं.
चांगलं मोठं काढलं, रकाना भरून.

आणि आज, ढगाळ, टॉवरच्या वरून,
ते आले.
एक, चार, मग मोजायलाच उसंत नाही,
पाखरू पाखराच्या आड जात होतं,
काही हवेतच चतुर पकडून
पाय तोंडाशी नेऊन खात होते, चालता चालता
फुटाणे खावेत तसे.
मी दहा-दहाच्या जुड्या बांधल्या, रेघा ओढल्या,
गाय हंबरली तरी वळले नाही.
दोनशे बारावर असताना
डोळ्यांत पाणी आलं, उजेडानं,
पुसेपर्यंत आभाळ दुसरंच झालं होतं.

"गोल करून अडीचशे लिही," प्रज्योत म्हणाला.
"माये त दोनशे चाळीस भरले."
त्याचे चाळीस त्याच्या वहीत.

नैऋत्य. पाच वाजून दहा मिनिटं.
दोनशे बारा मोजले.
शेरा : पुढेही होते.

गडव्यातलं उरलेलं पाणी वांग्याला ओतलं,
बाज आत घेतली.
दव पडायला लागलं होतं.