तळटीप

मिन्झा, तुझा निबंध चौथ्यांदा वाचतेय.
अमळनेरात दुपारचे तीन. कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं,
बोरी नदीतलं तर केव्हाच.
तुमच्या शिन्यांगात आता वेचणी लागली असेल.
आमच्या पऱ्हाट्यांचं सरपण झालं.

परीक्षक क्रमांक दोन लिहितात:
विषय स्थानिक आहे.
मौखिक साधनं कितपत विश्वासार्ह?

ओळखीचं वाक्य आहे गं हे.
ब्याऐंशी साली, एरंडोलच्या कागद करणाऱ्यांवरचा माझा लेख
याच वाक्यासकट परत आला.
पाकिटावर राणीचं तिकीट होतं, ते भाच्याने काढून घेतलं.
लेख मी गव्हाच्या कोठीमागे टाकला.
उंदरांनी वाचला.
'नाही'च्या पत्रालाही उत्तर लिहिता येतं
हे मला सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

म्हणून तुला सांगते.
आधी आभार मान. मनात नसले तरी मान.
मग त्यांचं एकेक म्हणणं उतरव, खाली तुझं.
पटेल ते बदल. पटणार नाही
तिथे कारण दे, पान क्रमांक दे, आवाज चढवू नकोस.
पहिल्या पानावर तू अकरा मोठी नावं उभी केलीस
आणि स्वतः येतेस चौदाव्या पानावर,
चपला हातात घेऊन.
तुझ्याच घरात?

आणि 'पांबा' तसाच राहू दे.
जिनिंगमधल्या बाया कापसाला जे म्हणायच्या तेच म्हण,
अर्थ एकदा सांग, पुन्हा सांगू नकोस.
तुमच्यातही हिशेबाला 'हेसाबू' म्हणतात,
लेखणीला 'कलामू', आणि 'साहिही' म्हणजे बरोबर,
'साहिही' म्हणजे सहीसुद्धा.
आमच्यातही तेच, मिन्झा.
बरोबर असेल तर सही कर. एवढंच.

*

दीड वर्ष गेलं. छापून आला.
वाचायचा तर चाळीस डॉलर.
तुमच्या विद्यापीठाला परवडत नाही, आमच्या कॉलेजला तर
वर्तमानपत्रांचं बिलही जड जातं.
तू तुझ्याच लेखाचे फोटो काढून पाठवलेस,
एका कोपऱ्यात तुझा अंगठा.

स्टेशन रोडच्या सुपडू महालेकडे प्रिंट काढायला गेले.
शाई कमी होती, पानं राखेच्या रंगाची निघाली.
सातव्या पानावर तो थांबला:
ढिगापाशी बसलेल्या नऊ बाया, खाली तू लिहिलंस,
'जिनिंग कामगार, नावं अज्ञात.'

त्याने चष्मा कपाळावर सरकवला.
"हाई एक बाई मशीनवर शे. बाकीन्या निवडी राहिन्यात."
कशावरून?
"तिना तोंडले फडकं देख ना.
मनी माय बी असंच बांधे."

माझी चाळीस वर्षं शिकवण्यात गेली.
तुझे दोन परीक्षक, तो संपादक, तू, मी,
सगळ्यांनी तो फोटो पाहिला होता.
फडकं कुणी पाहिलं नव्हतं.

त्याने पैसे घेतले. बावीस पानांचे चव्वेचाळीस,
चार सोडले.

पुढच्या लेखात टीप घाल:
सुपडू महाले, झेरॉक्स दुकान, अमळनेर, तोंडी माहिती.
विश्वासार्ह किती, असं ते विचारतीलच.
लिही:
जिनिंगमागच्या चाळीत
आईचा खोकला ऐकत वाढला.